आतल्या आरशाले कुंकू

मी चतुराबाई. आसेगावात कोनालेबी विचारा, जिभेची बाई कोनती, तं माह्याच दाराकडं बोट दाखवतीन. बोलल्याबिगर मले अन्न पचत नाई. घरात एक सून हाये वैभवी, तिले दिवसातून धा खेपा टोकल्याशिवाय माहा दिवस मावळत नाई. अन अशा बाईनं एका गोष्टीवर पाच दिवस तोंडाले कुलूप लावलं. तेच सांगाचं हाये. लाज वाटते, पन सांगते.

वैभवी म्हंजे माह्या लखनची बायको. लखन मोटरसायकलवरून पडून गेला, त्याले सा वरसं झाले. पोरगी तवा पंचविसाची होती, लेकरूबाळ नाई. माहेरचे न्याले आले तं गेली नाई. काहून गेली नाई ते म्या विचारलं नाई, तिनं सांगतलं नाई. तवापासून घरात शिलाई मशीन चालवते, आमच्या बुढ्याबरोबर, म्हंजे तिच्या सासऱ्याबरोबर, तूर सोंगाले जाते, अन गावातल्या बायांचे फारम मोबाईलवर भरून देते. फारमले फोटो लागते. काढता काढता पोरीचा हात असा बसला का बाया म्हनाले लागल्या, तुह्या फोटोत आमी मानसात आल्यावानी दिसतो वं.

तिथूनच तिच्या डोक्यात भरलं. डोहाळजेवन, बारसं, हळद, ह्या साऱ्या बायांच्या गोष्टी. तिथं मंगरूळपीरचा फोटोवाला गडी येते अन बाया पदर सावरत भिताडाले चिकटून बसते. बाईच फोटोवाली असली तं? पन मोबाईलवर काढले तं लोक म्हनतीन, मोबाईल तं आमच्याबी घरी हाये. म्हनून कॅमेरा पायजे. शिलाईवर साचवलं अन एका शुक्रवारी वाशीमहून घेऊन आली. मोठा काळा, पुढं नळकांड असलेला, गळ्यात अडकवाचा.

"नाकापेक्षा मोती जड झाला वं," मी बोलली.

"आत्याबाई, हा सगळ्यात लहान हाये. नव्या शिकनाऱ्याचा."

शेजारच्या ललिताबाईच्या सुनेचं, मंजुषाचं, डोहाळजेवन येत्या गुरुवारी होतं. ललिताबाईनं तोंडभरून सांगतलं होतं, वैभवी, फोटो तूच काढजो. इधवा बाईले डोहाळजेवनाच्या मांडवात कोनी बोलावत नाई, अन हिले तं कॅमेऱ्यासकट बोलावलं. सा वरसांत पहिल्यांदा. हे काम जमलं तं पाच गावांत नाव होईन, नाई जमलं तं कॅमेरा खोक्यात अन वैभवी मशीनवर. एवढं मलेबी समजत होतं.

आता आमच्या घरची रीत. नवी वस्तू आली का तिले हळद-कुंकू लागल्याशिवाय वापराची नाई. फवारनीच्या पंपाले लावलं, मिक्सरले लावलं, बुढ्याच्या मोबाईललेबी लावलं. मंग कॅमेऱ्यानं काय घोडं मारलं? वैभवीनं देवाजवळ पाट मांडला, कॅमेरा ठेवला अन स्वतः दोन हात मागं सरकली. कुंकवाच्या करंड्याले ती हात लावत नाई. "आत्याबाई, तुमी लावा."

मी ताट आनाले गेली तवर तिनं बुढ्याले दाखवाले ते पुढचं नळकांड फिरवून काढून ठेवलं. लेन्स म्हनते त्याले. आत पाहा म्हने मामाजी, कसा आरसा हाये. तेवढ्यात गोठ्यातलं वासरू सुटलं अन वाळत घातलेल्या तुरीत घुसलं. बुढा धावला, त्याच्या मांगं ती धावली. राह्यली मी, हातात ताट, अन समोर तोंड वासून बसलेला कॅमेरा.

आता लावू कुठं? वरून सारा काळा, बटनं अन आकडे. काचेले बोट लावाचं नाई, हे तिनं येता येता तीनदा सांगतलं होतं. आत पाह्यलं तं तिरपा ठेवलेला इवलासा आरसा. म्हनलं, अवं माय, हे तं सोपंच झालं! आरशात पाहूनच तं आपन कुंकू लावतो, मंग आरशाले कुंकू लावाले कोनाची हरकत? करंगळीशेजारचं बोट आत घातलं अन लावलं. जरा जास्तच लागलं. म्हनून एक फुंकर मारली. तरी राह्यलं तं पदराच्या टोकानं हलक्या हातानं पुसलं. आरसा लख्ख. वैभवी वासरू बांधून आली, म्या नारळ फोडला, तिनं लेन्स बसवली. झाली पूजा.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शाळा भरली. मोबाईलवर कोनी एक पोट्टा हातवारे करत शिकवे अन वैभवी वहीत लिहून घे. मी तूर निवडता निवडता ऐकत होती. आत म्हने एक भोक असते, उजेड येवाले. त्याचा आकडा लहान तं भोक मोठं, आकडा मोठा तं भोक लहान.

"उलटं कायले?" मी विचारलं.

"तसंच असते."

"कोन्या शहान्यानं ठरवलं?"

"आत्याबाई, मलेच समजून नाई राह्यलं, तुमाले काय सांगू?"

एक भोक, दुसरं ते भोक किती येळ उघडं ठेवाचं, तिसरं उजेडाची भूक म्हने, चारशे, आठशे, सोळाशे. एक धरलं का दुसरं सुटे. वरच्या चकरीवर हिरवा चौकोन होता, त्याच्यावर ठेवलं तं कॅमेरा आपल्या मनानं सारं करते, पन कवा कवा मधातच डोक्यावरचा दिवा टनकन उभा राहे अन चमके. पहिल्यांदा चमकला तं माही निवडलेली तूर सुपातून सांडली. हिरवा सोडून 'एम'वर, सारं आपल्या हातानं कराच्या खुनेवर, आनलं तं बुढ्याचा फोटो कोळशावानी काळा. दुसरा काढला तं बुढा दिसेच ना, नुसता पांढरा उजेड. बुढा बिचारा मतदान कार्डाच्या फोटोले बसल्यावानी ताठ बसून होता. "माहं काई चुकलं का बापा?" विचारे. मले हसू आलं, पन वैभवीच्या डोळ्यात पानी होतं.

अन ह्या साऱ्या गोंधळात तो लाल ठिपका निघाला.

रविवारी सकाळी ती कॅमेऱ्याच्या मांगच्या खिडकीले डोळा लावून म्हशीकडं पाहून राह्यली होती. म्हने, "आत्याबाई, म्हशीच्या कपाळावर लाल दिसते."

मी म्हशीकडं पाह्यलं. काळी म्हैस, काळं कपाळ. "काई नाई वं."

तिनं फोटो काढला, मांगच्या काचेवर पाह्यला. लाल नाई. परत डोळा लावला तं लाल हाये. बुढ्याकडं पाह्यलं, बुढ्याच्या कपाळावर. तुळशीकडं पाह्यलं तं तुळशीच्या शेंड्यावर. फोटोत मातर कुठंच नाई. डोळा चोळला, दुसरा डोळा लावला, तरी तेच.

दुकानवाल्याले फोन केला. तो म्हने, ताई, लाल ठिपका येतेच, तो फोकस हाये, बटन अर्धं दाबलं का लाल लागते अन 'पिप' वाजते. मोबाईलवरचा पोट्टाबी तेच म्हने. वैभवी म्हने, तो लाल वेगळा, तो लुकलुकते अन जाते. हा जातच नाई. दुकानवाला म्हने, जाईन, जाईन, सवय होईन. मंग दिवसभर ती बटन अर्धं दाबून बसली. एक लाल येई, पिप वाजे, जाई. दुसरा तिथंच. त्यावर उपाय म्हनून तिनं एक बटन दाबलं तं मांगच्या काचेवर टीव्हीवानी सारं दिसाले लागलं, अन तिथं ठिपका गायब! डोळा लावला का हजर. पोरीचं डोकं फिराची पाळी आली.

आता तुमी म्हनान, चतुराबाई, तुले तं ठाऊक होतं, तू काहून बोलली नाई? ऐका. मले ते कुंकू आठवलं होतंच. चोराच्या मनात चांदनं. पन मी माह्या मनाले समजावलं, कुंकू तं म्या पुसलं होतं, आरसा लख्ख होता. अन कुंकवानं झालं असतं तं फोटोतबी आलं असतं ना? फोटो तं साफ. म्हंजे कुंकू नाई, काईतरी दुसरंच हाये. असं म्हनून मी गप. खरं सांगू? भ्याव वाटलं. पोरीनं सा वरसांत एक वस्तू स्वतःसाठी घेतली अन तीबी सासूनं बोट घालून नासवली, हे कोन्या तोंडानं सांगू?

सोमवारी ललिताबाई आली, कॅमेरा पाहाले. वैभवीचं मन भोळं. तिनं विचारलं, "काकू, तुमाले दिसते का हो लाल? माहेच डोळे बिघडले का?"

ललिताबाईनं कॅमेऱ्याले डोळा लावला, दारातल्या माह्याकडं पाह्यलं, अन असा कॅमेरा खाली केला जसा इंगळ हातात घेतला. "अवं, हाये ना लाल! अन फोटोत येत नाई म्हनतेस?" मंग तिनं आवाज बारीक केला. म्हनजे तिले वाटलं बारीक केला. "पूजा कोनं केली याची? तुहा तं हात नाई लागला ना कुंकवाले?"

उचलली जीभ, लावली टाळूले! मी तिथंच बसली होती. माहं तोंड उघडलंबी. दोनच शब्द बोलाचे होते, 'म्या लावलं.' ते निघाले नाई. आयुष्यभर नको तिथं बोलली, अन जिथं बोलाचं तिथं मुकी झाली. आजबी आठवलं तं माह्याच थोबाडात मारावं वाटते.

वैभवी खाली मान घालून उभी होती. ललिताबाई जाता जाता बोलली, "वैभवी, वाईट वाटून घेऊ नको बाई. माही सून सातव्या महिन्यातली. गुरुवारपर्यंत ते लाल गेलं तं ये. नाई तं आमी मोबाईलवर काढून घेऊ."

मंगळवार तसाच गेला. वैभवी मशीनवर बसली. बुधवारी सकाळी पाह्यते तं कॅमेऱ्याचं खोकं समोर घेऊन बसली होती. पट्टा गुंडाळला होता, वही वर ठेवली होती.

"काय करून राह्यली वं?"

"दुकानवाला वापस घेईन म्हने."

"एका ठिपक्यासाठी?"

"आत्याबाई," ती बोलली, अन सा वरसांत पहिल्यांदा ती माह्याशी एवढं लांब बोलली. "मी ज्याच्याकडं पाह्यते त्याच्यावर लाल दिसते. काकूले दिसलं, म्हंजे माह्या डोळ्याचं नाई. पूजा झाली तवा मी पाटाजवळ बसली होती. माही सावली पडली असन. उद्या मंजुषाकडं ह्याच्यातून पाहीन, अन तिले काई झालं तं? पोटुशी बाई हाये. गाव मले जगू देईन का? अन गावाचं जाऊ द्या, मीच मले जगू देईन का?"

माही पोर माह्या कुंकवाचं पाप आपल्या सावलीवर घेऊन राह्यली होती.

"आन इकडं," म्या म्हनलं. "मले पाहू दे."

आजवर म्या त्याच्यात डोळा घातला नव्हता. तिनं पट्टा माह्या गळ्यात घातला, कुठं पाहाचं ते दाखवलं, अन स्वतः जाऊन दारात उभी राह्यली. म्या एक डोळा मिटला. आधी काईच दिसेना, नुसती माहीच पापनी. मंग दार दिसलं. दारात वैभवी. फिक्की निळी साडी, डोक्यावर पदर. अन तिच्या दोन भुवयांच्या मधात, जरासं वर, कुंकू.

ठिपका नाई. कुंकू. मी चाळीस वरसं तेच लावते, मले माहं कुंकू वळखाले येनार नाई का? हातच्या काकनाले आरसा कायले पायजे!

मी डोळा काढला तं कपाळ कोरं. लावला तं कुंकू. काढला, लावला. ते कपाळ म्याच कोरं केलं होतं. लखनले आनलं त्या दिवशी मानसं बोंबलून राह्यली होती, रीत करा, रीत करा. कोनी बाई पुढं होईना, एवढी लहान पोरगी. मले वाटलं, माहा लेक गेला अन हिचं कुंकू जाग्यावर? मी उठली अन पदरानं पुसलं. जोरानं पुसलं. तिचं कपाळ लाल झालं होतं. त्याच पदरानं, त्याच हातानं मी शुक्रवारी आरसा पुसला. तिथं हलका हात लावला.

"दिसलं का आत्याबाई?"

"दिसलं," मी बोलली. "लुगडं बदलते. आपन मंगरूळपीरले चाललो."

एस्टीत ती खिडकीशी, मांडीवर खोकं. मी तिच्या बाजूले. अर्ध्या रस्त्यात म्हनलं सांगावं, पन कंडक्टर आला. मंग म्हनलं सांगावं, तं बाजूची बाई बोरं खा म्हनाले लागली. अशी मी भेकड.

मंगरूळपीरात सतीश नावाचा पोरगा हाये, घड्याळ, मोबाईल, कॅमेरे, सारं खोलून ठीक करते. त्यानं कॅमेरा हातात घेतला, डोळा लावला, दिव्याकडं पाह्यलं. म्हने, "ठिपका एक नाई, बारीक बारीक लय हाये. मोठा एक. लाल." लेन्स काढली, आत बॅटरी मारली, बोटानं नाक खाजवलं. "ताई, याच्यात लाल काय गेलं?"

"मी तं काईच..." वैभवी बोलाले लागली.

"कुंकू," मी बोलली. "म्या लावलं. आरशाले. तू वासरामांगं गेलती तवा. बोटानं लावलं, फुंकर मारली, पदरानं पुसलं. तुह्या सावलीचं काई नाई, माह्या बोटाचं हाये. शुक्रवारपासून ठाऊक हाये मले अन मी बोलली नाई. त्या ललितीसमोरबी बोलली नाई. आता काय बोलाचं ते बोल."

वैभवी माह्याकडं पाहून राह्यली. सतीश खाली मान घालून हसून राह्यला होता, खांदे हालत होते त्याचे. मंग तोंड सरळ करून बोलला, "आजी, पाहाचा रस्ता वेगळा असते अन फोटोचा वेगळा. आपन डोळा लावतो तवा हा आरसा खालचं चित्र वर पाठवते. त्याच्या वर एक काच हाये, तुमच्या फुंकरीनं कुंकू उडून तिथं बसलं. बटन दाबलं का आरसा उचलते अन उजेड सरळ मांगं जाते, म्हनून फोटो साफ. नशीब समजा, आरशावर रेघ नाई पडली. पुन्हा आत बोट घालजा नोका."

कॅमेरा उपडा धरून त्यानं एका रबरी फुग्यानं फुसफुस हवा मारली, मंग एका बारीक मऊ ब्रशानं झटकलं. घटकाभरात काम झालं. मी पाच दिवस उरावर धोंडा घेऊन फिरली, अन निघालं काय तं चिमूटभर कुंकू. वैभवीनं डोळा लावला, रस्त्याकडं पाह्यलं, दुकानाकडं पाह्यलं, बटन अर्धं दाबलं. पिप वाजलं. "गेलं!" एवढंच बोलली, पन तिच्या तोंडावर असं हसू मी लगनातल्या फोटोनंतर पाह्यलं नव्हतं.

मी म्हनलं, दे, मलेबी दाखव. डोळा लावला. समोर वैभवी, हसून राह्यलेली. कपाळ कोरं.

सा वरसं ते कपाळ मी रोज पाहून राह्यली होती. चहा देताना, भाकर वाढताना, तूर निवडताना. सवय झालती. त्या दिवशी मले ते पाहवलं नाई. मी कॅमेरा तिच्या हातात देऊन दुकानाबाहेर आली अन रस्त्यावर उभी राहून रडली, मानसांसमोर, लाज सोडून.

स्टँडवर एक बाई बांगड्या, रिबिनी, टिकल्या घेऊन बसते. एस्टीले येळ होता. म्या लाल टिकल्यांचं एक पाकीट घेतलं.

"कोनाले?" वैभवीनं विचारलं. "तुमी तं कुंकू लावता."

"कॅमेऱ्याले."

"आत्याबाई! आत्ताच तं तो सतीश नाई म्हने."

"मंग कोनाले लावू? तूच सांग."

तिले समजलं. इकडं तिकडं पाह्यलं, स्टँडवर आपल्या गावचे दोघं-तिघं होते. "लोक काय म्हनतीन?" हळूच बोलली.

"लोकांनी म्हनलं तवाच म्या पुसलं होतं वं माय. काय भलं झालं तुहं अन माहं?" मी पाकीट तिच्यापुढं धरलं. "तुह्या मनात नसन तं राहू दे. जबरदस्ती नाई. एकदा केली ती पुरे."

मी पाकीट पदराले बांधाले घेतलं. तवा तिनं डोक्यावरचा पदर जरा मांगं घेतला अन मान पुढं केली. टिकली कागदापासून सुटेना, सुटली तं लागली वाकडी, एका भुवईकडं. लोक पाहून राह्यले होते. पाहू दे मेले.

तिनं कॅमेरा उलटा फिरवला, पुढच्या काळ्या काचेत आपलं तोंड पाह्यलं. अन आपल्याच बोटानं टिकली सरकवून मधात बसवली.

मंग एस्टी आली. खिडकीशी बसून तिनं पट्टा गळ्यात घातला अन बोलली, "आत्याबाई, उद्या डोहाळजेवन अकराले हाये. घरी गेल्यावर बॅटरी चार्जिंगले लावाची याद देजा."